दोन शहरांमधील हवाई अंतर : मोजायचे कसे आणि वापरायचे कोठे?

दिल्लीहून बंगळूरचा विमानतळ सुमारे १,७०० किलोमीटरवर आहे. उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद दिल्लीपासून त्याहून जवळ, म्हणजे सुमारे १,५८० किलोमीटरवर आहे. असे असूनही एप्रिल २०२५ मध्ये एक विचित्र परिस्थिती उद्भवली. इंडिगो कंपनीची विमाने दिल्लीहून बंगळूरला नेहमीप्रमाणे जात होती. मात्र ताश्कंदची सेवा कंपनीला स्थगित करावी लागली. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली होती आणि उपलब्ध विमानांच्या पल्ल्यात ताश्कंद व अल्माटी ही शहरे आता येत नाहीत, असे कंपनीने जाहीर केले.

पृथ्वीवरील दोन्ही शहरे जागच्या जागीच होती. त्यांच्यातील भौमितिक अंतर एका मीटरनेही वाढले नव्हते. वाढले होते ते विमानाला प्रत्यक्ष कापावे लागणारे अंतर. 'अमुक शहर विमानाने किती लांब आहे?' या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नसते, हे या प्रसंगाने स्पष्ट केले. हवाई अंतराचे निदान तीन वेगवेगळे आकडे असतात : पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले किमान अंतर, उड्डाण योजनेत आखलेल्या मार्गाचे अंतर आणि वाऱ्याचा हिशेब धरून विमानाला हवेत कापावे लागणारे अंतर. पहिला आकडा कोणालाही घरबसल्या काढता येतो. तिकिटाचे दर, नुकसानभरपाई आणि सरकारी योजना यांत तोच प्रामुख्याने उपयोगी पडतो. मात्र विमानात किती इंधन भरायचे, हे उरलेल्या दोहोंवर अवलंबून असते.

सपाट नकाशाची फसवणूक

भिंतीवरील जगाच्या नकाशावर मुंबई आणि लंडन ही दोन शहरे पट्टीने जोडली, तर ती रेषा सर्वांत जवळचा मार्ग दाखवते असे वाटते. वस्तुतः तसे नसते. पृथ्वी गोल आहे आणि गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय कागदावर सपाट पसरता येत नाही. नेहमीच्या नकाशात ध्रुवांकडील प्रदेश प्रमाणाबाहेर फुगतात आणि त्याबरोबर तेथील अंतरेही फुगतात.

खरे किमान अंतर पाहायचे असेल, तर घरातील पृथ्वीगोल घ्यावा. मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरावे, दुसरे लंडनवर धरून दोरा ताणावा. ताणलेला दोरा ज्या रेषेत स्थिरावतो, ती रेषा म्हणजे बृहद्वृत्ताचा भाग. ज्या वर्तुळाचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच असते, त्या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे; इतर अक्षवृत्ते मात्र नाहीत. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग नेहमी बृहद्वृत्तावरूनच जातो. विमानतळांमधील अंतर म्हणून जो आकडा दिला जातो, तो सर्वसाधारणपणे याच मार्गाचा असतो.

पहिली पायरी : निर्देशांक

अंतर काढण्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश लागतात. येथे पहिली खबरदारी अशी, की शहराचे नव्हे तर विमानतळाचे निर्देशांक घ्यावेत. एका शहराला एकाहून अधिक विमानतळ असतील, तर नेमका कोणता हेही ठरवावे. गोव्यात दाबोळीबरोबरच मोपा येथून जानेवारी २०२३ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. नवी मुंबईच्या विमानतळावरून ती २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड अशी विमानतळांची मालिकाच आहे.

दुसरी खबरदारी अंश आणि मिनिटांची. १९ अंश ५ मिनिटे म्हणजे १९.०५ अंश नव्हे. एका अंशात ६० मिनिटे असतात. त्यामुळे मिनिटांना ६० ने भागून दशांश रूप काढावे लागते. ५ भागिले ६० म्हणजे ०.०८, म्हणून हा अक्षांश १९.०८ अंश होतो.

तिसरी खबरदारी दिशेची. उत्तर अक्षांश व पूर्व रेखांश धन, तर दक्षिण अक्षांश व पश्चिम रेखांश ऋण धरायचे असतात. हे चिन्ह विसरले तर काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे न्यूयॉर्क. मुंबई विमानतळाचा रेखांश ७२.८७ अंश पूर्व, तर न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा ७३.७८ अंश पश्चिम आहे. आकडे जवळजवळ सारखे, दिशा विरुद्ध. ऋण चिन्ह गाळले तर दोन्ही शहरे एकाच रेखावृत्तालगत आल्यासारखी दिसतात आणि अंतर अवघे २,४०० किलोमीटर येते. खरे अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे.

जवळचा पल्ला : मुंबई ते नागपूर

हजार-बाराशे किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय पुरेसे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सर्वत्र सुमारे १११.२ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर तेवढाच असला, तरी ध्रुवाकडे जाताना आक्रसत जातो. किती आक्रसतो, हे अक्षांशाच्या कोसाइनवरून कळते. महाराष्ट्राच्या मध्यावर, म्हणजे २० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, तो सुमारे १०४.४ किलोमीटर भरतो.

मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व येथे आहे. नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व येथे. आता हिशेब असा :

१. अक्षांशांतील फरक २.०० अंश, १११.२ ने गुणता सुमारे २२२ किलोमीटर.
२. रेखांशांतील फरक ६.१८ अंश, १०४.४ ने गुणता सुमारे ६४५ किलोमीटर.
३. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढता सुमारे ६८२ किलोमीटर.

मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग सुमारे ८३७ किलोमीटरचा आहे. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. हवाई अंतर या दोहोंहून कमी आहे, हे अपेक्षितच. मात्र महामार्ग सरळ रेषेच्या किती जवळ आला आहे, हेही या निमित्ताने दिसून येते.

लांबचा पल्ला : मुंबई ते लंडन

हीच रीत मुंबई-लंडनसाठी वापरली आणि रेखांशाच्या अंशासाठी दोहोंच्या मधला अक्षांश धरला, तर उत्तर सुमारे ७,५६५ किलोमीटर येते. ते चुकीचे आहे. एवढ्या पल्ल्यात पृथ्वीची वक्रता दुर्लक्षून चालत नाही. येथे गोलीय त्रिकोणमिती लागते. तिचे सूत्र शब्दांत असे सांगता येईल :

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्यास रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणावे. या दोन गुणाकारांची बेरीज म्हणजे दोन शहरांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेल्या कोनाचा कोसाइन होय.

हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम येथे आहे. लंडन पश्चिम रेखांशावर असल्याने फरक काढताना वजाबाकी नव्हे, तर बेरीज होते : ७२.८७ अधिक ०.४५, म्हणजे ७३.३२ अंश.

१. अक्षांशांच्या साइनचा गुणाकार : ०.३२७१ × ०.७८२३ = ०.२५५८
२. कोसाइनचा गुणाकार : ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८७० = ०.१६९०
३. बेरीज : ०.४२४८
४. ज्या कोनाचा कोसाइन ०.४२४८ आहे तो कोन : ६४.८६ अंश
५. अंतर : ६४.८६ × १११.१९५ = सुमारे ७,२१२ किलोमीटर

म्हणजे सपाट हिशेबात सुमारे साडेतीनशे किलोमीटरची चूक होत होती. हा हिशेब साध्या वैज्ञानिक गणकयंत्रावर दोन मिनिटांत होतो. गणकयंत्र अंशांवर लावलेले आहे ना, एवढे पाहावे. संगणकावरील तक्त्यात हेच सूत्र लिहिताना अंशांचे रेडियनमध्ये रूपांतर करावे लागते, अन्यथा उत्तर भलतेच येते.

या सूत्रातील 'साइन'चे मूळ भारतीय आहे, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. आर्यभटाच्या परंपरेतील 'ज्या' हा शब्द अरबीत 'जीबा' झाला, पुढे तो 'जैब' असा वाचला गेला आणि त्याचे लॅटिन भाषांतर 'सायनस' असे झाले. त्यावरूनच आजचा 'साइन' आला.

मैल कोणता?

विमान वाहतुकीत अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तर नॉटिकल मैलात म्हणजे सागरी मैलात मोजले जाते. १९२९ मध्ये मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत एक सागरी मैल म्हणजे नेमके १,८५२ मीटर असे ठरले. या मैलाचा मोठा फायदा असा, की पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या एका अंशाच्या कोनात असे ६० मैल बसतात. त्यामुळे वरच्या उदाहरणातील ६४.८६ ला ६० ने गुणले, की मुंबई-लंडन अंतर सुमारे ३,८९२ सागरी मैल, असे थेट उत्तर मिळते. रस्त्यावरचा इंग्रजी मैल मात्र १.६०९ किलोमीटरचा असतो. परदेशी कोष्टकातील नुसता 'मैल' वाचताना तो कोणता, हे तपासणे आवश्यक आहे.

एककांची गफलत किती महागात पडू शकते, याचा धडा २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात मिळाला. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात इंधन भरताना किलोग्रॅमऐवजी पौंडाचा गुणक वापरला गेला आणि आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघाले. सुमारे ४१,००० फुटांवर इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. विमानातील ६९ जण बचावले.

पृथ्वी पूर्ण गोल नाही

वरील हिशेबात पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली आहे. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे. विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर, तर ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५६.७५२ किलोमीटर आहे. हा आकार लक्षात घेऊन अंतर काढण्याची रीत थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. तिची अचूकता मिलिमीटरपर्यंत जाते. मात्र गोल धरून काढलेल्या उत्तरात सहसा अर्ध्या टक्क्याहून अधिक फरक पडत नाही. मुंबई-लंडनच्या बाबतीत तर तो अवघ्या काही किलोमीटरचा आहे. दोन संकेतस्थळांवर एकाच मार्गाचे आकडे थोडे वेगळे दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, म्हणून अंतर वाढत नाही का, असाही प्रश्न विचारला जातो. वाढते, पण साडेसात हजार किलोमीटरच्या आतील या प्रवासात ते जेमतेम १२ किलोमीटरने वाढते.

कागदावरचा मार्ग आणि आकाशातला मार्ग

इंधनाचा हिशेब करताना खरा फरक पडतो तो पुढील टप्प्यावर. विमान बृहद्वृत्तावरून जसेच्या तसे जात नाही. उड्डाणानंतर धावपट्टीच्या दिशेनुसार वळण घ्यावे लागते, ठरलेल्या बिंदूंवरून जावे लागते, लष्करी सरावाची क्षेत्रे आणि बंद हवाई हद्दी टाळाव्या लागतात, गंतव्य विमानतळावर गर्दी असेल तर घिरट्याही घालाव्या लागतात. या सर्वांचा विचार करून प्रत्येक उड्डाणाची योजना तयार होते. तीत प्रवासाला लागणाऱ्या इंधनाखेरीज अनपेक्षित अडचणींसाठीचा साठा, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन आणि शेवटचा राखीव साठा धरावा लागतो. जेट विमानासाठी हा शेवटचा साठा अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढा असावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. म्हणूनच विमानाचा पल्ला केवळ नकाशावरील अंतराशी ताडून पाहणे धोक्याचे ठरते.

ताश्कंदचे कोडे येथे उलगडते. दिल्लीच्या उत्तरेस हिमालय आणि तिबेटचे पठार, पश्चिमेस पाकिस्तान. पाकिस्तानवरचा रस्ता बंद झाला, की प्रथम नैर्ऋत्येस अरबी समुद्राकडे उतरून, इराणवरून पुन्हा उत्तरेस चढावे लागते. असा वळसा मूळ अंतराच्या दुपटीहून कितीतरी अधिक होतो. त्यात राखीव इंधनाची भर पडली, की लहान विमानांचा पल्ला संपतो.

हा अनुभव नवा नव्हता. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बंद झालेली पाकिस्तानची हवाई हद्द १६ जुलै २०१९ रोजी खुली झाली. या वळशांपायी २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याची माहिती सरकारने राज्यसभेत दिली होती.

वारा : लांबचा मार्ग लवकरचा

तिसरा आकडा वाऱ्याचा. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे विमानाला पुढे ढकलतात किंवा मागे खेचतात. त्यामुळे लंडनहून मुंबईला येण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ जाण्यास लागतो.

याचे ठळक उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गाचे आहे. दोन्ही शहरांमधील बृहद्वृत्तीय अंतर सुमारे १२,३८० किलोमीटर आहे. एअर इंडियाची विमाने अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर कापून तेथे जात. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने उलट दिशेने, पॅसिफिकवरून विमान नेले. हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर भरले, म्हणजे जवळजवळ १,४०० किलोमीटर अधिक. तरीही पाठीवर वारा घेऊन विमान सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले. जुन्या मार्गापेक्षा हा वेळ कमी होता.

प्रवाशाच्या खिशाशी संबंध

हे सारे गणित वैमानिकांपुरते आहे, असा समज होण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशांतर्गत उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने अंतरानुसार तात्पुरती कमाल भाडी ठरवून दिली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० पर्यंत १२,००० रुपये, १,००० ते १,५०० पर्यंत १५,००० रुपये आणि त्यापुढे १८,००० रुपये. कर व विमानतळ शुल्क वेगळे. हवाई अंतर धरले तर मुंबई-दाबोळी सुमारे ४२५ किलोमीटर म्हणून पहिल्या गटात, मुंबई-नागपूर दुसऱ्या, सुमारे १,१४० किलोमीटरचे मुंबई-दिल्ली तिसऱ्या आणि सुमारे १,६६५ किलोमीटरचे मुंबई-कोलकाता चौथ्या गटात पडते. मुंबई-गोवा रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरहून अधिक आहे. रस्त्याचा आकडा मनात धरणारा प्रवासी स्वतःला चुकून दुसऱ्या गटात मोजेल आणि जादा भाडे मुकाट्याने देईल.

'उडान' योजनेतही अंतरालाच महत्त्व आहे. सुमारे ५०० किलोमीटर किंवा तासाभराच्या प्रवासासाठी सवलतीच्या आसनांचे भाडे २,५०० रुपये असावे, या सूत्रावर ती उभारली गेली. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतील पहिल्या उड्डाणांबरोबर सुरू झालेल्या नांदेड-हैदराबाद मार्गाचे हवाई अंतर सुमारे २४५ किलोमीटर आहे.

युरोपातून प्रवास करणाऱ्यांसाठी तर हा आकडा थेट पैशांत उतरतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात उड्डाण रद्द झाल्यास १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, ३,५०० पर्यंत ४०० युरो आणि त्यापुढील लांबच्या प्रवासासाठी ६०० युरो अशी भरपाई ठरवण्यात आली आणि अंतर बृहद्वृत्तानेच मोजावे, असे नमूद केले गेले. रोमहून ब्रुसेल्समार्गे हॅम्बुर्गला विलंबाने पोहोचलेल्या प्रवाशांचा दावा युरोपीय न्यायालयापुढे गेला होता. दोन टप्प्यांची बेरीज १,६५६ किलोमीटर होती, पण रोम-हॅम्बुर्ग थेट अंतर १,३२६ किलोमीटरच भरत होते. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की मधला थांबा धरायचा नाही. पहिल्या आणि शेवटच्या विमानतळांमधील थेट अंतरच ग्राह्य. प्रवाशांच्या पदरी ४०० ऐवजी २५० युरो पडले.

सारांश, हवाई अंतराचा आकडा समोर आला, की तो कोणत्या दोन विमानतळांमधील, कोणत्या एककात आणि तिन्हींपैकी कोणत्या प्रकारचा, हे तीन प्रश्न विचारावेत. भाडे आणि भरपाईसाठी बृहद्वृत्ताचा आकडा पाहावा. तो स्वतः पडताळून पाहण्यास एक गणकयंत्र आणि दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश पुरेसे आहेत. प्रवासाला किती वेळ लागेल, हे मात्र त्या आकड्यावरून ठरवू नये. त्यासाठी त्या दिवशीचा मार्ग आणि त्या दिवशीचा वाराच पाहावा लागतो.